गप्प बसायची जागा

दिवाळी तोंडावर आली की साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बारामती-इंदापूर तालुक्यांतल्या रस्त्याकडेच्या घरांत पुस्तक घेऊन बसणं मुश्कील होतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, जिकडे बघावं तिकडे ऊस चाललेला. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बसवलेले स्पीकर. रात्री एकलाही गाणं थांबत नाही, कारण ते थांबलं तर ड्रायव्हरला डुलकी लागायची. गाळप उरकत येतं तोवर लग्नसराई आणि चैत्रातल्या जत्रा सुरू होतात, म्हणजे डीजे.

तरी आवाज ही वरवरची अडचण आहे. घरात पुस्तक घेऊन बसलेला पंचविशीतला मुलगा घरच्यांच्या लेखी मोकळा असतो. लाइट आली, मोटार चालू करून ये. पाहुणे आलेत, दूध आण. सोसायटीत जाऊन खताचं विचारून ये. मुलगी असेल तर आधी भाकरी, मग वाचन. तोच मुलगा गाडीला डबा अडकवून तालुक्याच्या गावी गेला की तो ‘अभ्यासाला गेलाय’, आणि मग त्याला कुणी हाक मारू शकत नाही. अभ्यासिकेचा सगळा व्यवहार या एका गोष्टीवर उभा आहे, असं माझं मत आहे. शांतता, एसी, वायफाय हे पाटीवर लिहायला ठीक. लोक पैसे मोजतात ते हाकेच्या टप्प्याबाहेर बसण्याचे.

बारामतीत भिगवण रस्ता, इंदापूर रस्ता, कॉलेजांचा परिसर आणि इंदापुरात बसस्थानकाच्या आसपास चालत गेलं, की दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या पाट्या दिसू लागतात. खाली मेडिकल किंवा मोबाइलचं दुकान, वर अभ्यासिका. जिन्यात चपलांचा ढीग. आत प्लायवूडच्या आडभिंती घालून केलेले कप्पे, प्रत्येकात एक खुर्ची, एक ट्यूबलाइट किंवा छोटा दिवा, चार्जिंगचा पॉइंट. कप्प्याच्या भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक, महाराष्ट्राचा नकाशा, कुणाच्या तरी वर्दीतल्या फोटोचं कात्रण. महिन्याचे काही शे रुपये ते हजारभर, जागा आणि सोयी पाहून. खासगी अभ्यासिकांची ही तऱ्हा. त्यांच्याशिवाय कॉलेजांच्या ग्रंथालयातले वाचनकक्ष आहेत. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२चं, विद्या प्रतिष्ठान १९७२चं, म्हणजे बारामतीत पुस्तकाजवळ बसायची सवय दोन पिढ्यांची झाली. पण कॉलेजचं ओळखपत्र संपलं की ती दारं बहुधा मिटतात, आणि स्पर्धा परीक्षेचं खरं वय तिथूनच सुरू होतं. नगरपरिषदा, ग्रामपंचायती आणि १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयं यांनी मांडलेली टेबलं ही तिसरी सोय. तिथे पैसे नाममात्र. पण वाचनालयाची वेळ सहसा वर्तमानपत्र वाचणाऱ्या निवृत्त मंडळींच्या सोयीची असते, पहाटे पाचला दार ठोठावणाऱ्याच्या सोयीची नसते.

इतक्या खुर्च्या लागतात कशाला, हे आकड्यांवरून कळतं. २०२३च्या तलाठी भरतीची जाहिरात ४६४४ जागांची होती, अर्ज आले दहा लाखांवर. २०२४ची पोलीस भरती साधारण १७ हजार जागांची, अर्ज १७ लाखांवर. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची वाहनं तयार होतात, फेरेरोची चॉकलेटं तयार होतात, तरी घरात ‘पोस्ट निघाली’ याचा अर्थ सरकारीच. नीरा डाव्या कालव्याखालचा बागायतदार असो की सुपे-मोरगाव भागातला जिरायतदार, दोघांच्याही सातबाऱ्यावर आता भावांची नावं जास्त आणि गुंठे कमी.

सातबाऱ्यावरून आठवलं. तलाठी व्हायची स्वप्नं पाहणाऱ्या इंदापूरकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण हे खातं ज्या मोजणीवर उभं आहे तिची सुरुवात त्यांच्याच तालुक्यात झाली. कंपनी सरकारच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली सारा-आकारणी इथे फसली, शेतकरी जमिनी टाकून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरात नव्याने पाहणी केली, दर उतरवले आणि १८३६ पासून तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. पुढे तीच पद्धत मुंबई इलाखाभर गेली. परीक्षेत हा प्रश्न आलाच तर इंदापूरच्या पोरांनी तो चुकवू नये.

अभ्यासिका निवडायची कशी, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन की सकाळी जाऊ नका. सकाळी सगळ्याच चांगल्या दिसतात. मे महिन्यात दुपारी तीनला जा. पत्र्याखालची खोली असेल तर तेव्हा कळते. एसीची असेल तर खिडक्या बंद करून चाळीस माणसं कोंडल्यावर हवा कशी होते, तेही तेव्हाच कळतं. निम्मी डोकी टेबलावर टेकलेली असतात आणि दोष अभ्यासाला दिला जातो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर पंखे ओढतो की नुसते दिवे, ते विचारा. आणि सगळ्यात आधी स्वच्छतागृह पाहा. आठ-दहा तास बसणाऱ्या माणसाला पाणी प्यावं लागतं. स्वच्छतागृह घाणेरडं असेल तर मुली पाणी प्यायच्या थांबतात, आणि मग डोकेदुखी ठरलेलीच. माझ्या मते कोणत्याही अभ्यासिकेचा दर्जा त्या एका दारामागे ठरतो. वायफायचा वेग नंतर विचारला तरी चालेल, किंबहुना वायफाय नसेल तर दोन गुण जास्त द्यावेत.

आपल्याकडे गप्प बसून अभ्यास करायची रीत तशी नवी आहे. परवचा मोठ्याने म्हणायचा, पाढे ओरडून पाठ करायचे, श्लोक तालात. बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहिलेले मोरोपंत (१७२९ ते १७९४) पुराण सांगत, म्हणजे विद्या तोंडातून कानात जात होती. त्यांनी रामायणं किती रचली याला सुमार नाही; त्यात एक निरोष्ठ रामायण, ओठांना ओठ न लावता म्हणता येईल असं. आजच्या अभ्यासिकेत ओठ हलले तरी शेजारचा मान वर करून पाहतो. पण जुनी सवय जात नाही. म्हणून प्रत्येक अभ्यासिकेची गच्ची महत्त्वाची. संध्याकाळी गच्चीवर दहा-बारा जण येरझाऱ्या घालत घटनेची कलमं, समाजसुधारकांची जन्मवर्षं, वाळंब्यांच्या व्याकरणातले समास पुटपुटत असतात. एकमेकांना प्रश्न घालायचे तेही तिथेच. ज्या इमारतीच्या गच्चीला मालक कुलूप लावतो तिथे जागा घेऊ नये.

शेजाऱ्याची कुजबुज एवढी का खुपते, याचं उत्तर प्रयोगांत सापडतं. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श या दोन संशोधकांनी जर्मन न येणाऱ्या लोकांना अक्षरांचा क्रम लक्षात ठेवायला लावला आणि मागे जर्मन उतारा वाचून ऐकवला. एक शब्द कळत नसतानाही चुका वाढल्या. माणसाचा बोलण्याचा आवाज, अर्थ असो वा नसो, डोक्यातल्या उजळणीत घुसतो. पंख्याचा एकसुरी खडखडाट तितका घुसत नाही. म्हणून जुन्या घरघरणाऱ्या पंख्याबद्दल तक्रार करणाऱ्यांपेक्षा फोनवर ‘हां, बोल, हळू बोलतोय’ म्हणणाऱ्यांचा बंदोबस्त आधी करायला हवा.

त्याहून मजेदार काम रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाचं. १९६५ मध्ये त्याने मांडलं की इतर माणसं आसपास असली की येत असलेलं काम जास्त चांगलं होतं, आणि न येणारं, नवं काम बिघडतं. चार वर्षांनी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर तपासलं. सरळ वाटेवरून पळायचं असेल तर बघणारी झुरळं असताना झुरळ जोरात पळे. वाट वळणाची असली की प्रेक्षकांपुढे त्याला जास्त वेळ लागे. अभ्यासिकेला हे जसंच्या तसं लागू होतं असा माझा दावा नाही, झुरळाला कटऑफची भीती नसते. पण अनुभवाशी ते जुळतं. उजळणी, सराव प्रश्नपत्रिका, चालू घडामोडी यांना चाळीस जणांची संगत उत्तम. डोक्यात न शिरणारं गणित, बुद्धिमत्तेतला नवा प्रकार किंवा अर्थशास्त्राचं पहिलं वाचन मात्र एकट्याने, घरच्या माळ्यावर किंवा शेतातल्या खोलीत बसूनच सुटतं. अभ्यासिकेत बसून आपल्याला काहीच कळत नाही असं वाटणाऱ्यांनी आधी एवढा बदल करून पाहावा.

आणखी एक. १९७८ मध्ये स्मिथ, ग्लेनबर्ग आणि बियॉर्क यांनी एकच शब्दयादी काहींना एकाच खोलीत दोनदा, तर काहींना दोन वेगळ्या खोल्यांत शिकवली. तिसऱ्याच, अनोळखी खोलीत परीक्षा घेतल्यावर दोन खोल्यांत शिकलेल्यांना जास्त आठवलं. आपल्याकडे परीक्षा नेहमी तिसऱ्याच खोलीत असते, पुण्यातल्या नाहीतर सोलापुरातल्या कुठल्या तरी केंद्रावर. तरी अभ्यासिकेत सगळ्यात जास्त भांडणं ‘माझी सीट’ यावरून. ठरलेली जागा शिस्तीला बरी, यात शंका नाही. पण एसटीत, मेसच्या रांगेत, घरच्या ओट्यावर केलेली उजळणी वाया जाते असं समजायचं कारण नाही.

पोलीस भरतीवाल्यांचा दिवस या सगळ्यांपेक्षा वेगळा. शारीरिक चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळा. पहाटे अंधारात ग्राउंड मारून, अंघोळ करून, मेसमध्ये दोन चपात्या जास्तीच्या खाऊन हे लोक नऊला अभ्यासिकेत येतात आणि साडेदहाला झोपतात. त्यांना हिणवण्यात अर्थ नाही. शहाणे अभ्यासिकावाले एका कोपऱ्यात सतरंजी टाकून ठेवतात.

मुलींची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बावडा, निमगाव केतकी, लासुर्णे, पळसदेव अशा गावांतून रोज येऊन-जाऊन अभ्यास करणं परवडू लागलं. पण बस परवडली तरी वेळ परवडायला हवी. अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असल्याची जाहिरात असते. गावाकडची शेवटची एसटी त्याच्या कितीतरी आधी जाते, आणि स्टँडपासून घरापर्यंतचा मळ्यातला रस्ता अंधाराचा. म्हणजे भावाला जिथे चौदा तास मिळतात तिथे बहिणीला आठ, फी मात्र दोघांना सारखी. ज्यांनी मुलींचा वेगळा हॉल केला त्यांनी चांगलं केलं, पण खरी सोय म्हणजे जवळचं वसतिगृह नाहीतर गावातच अभ्यासिका. ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीत दहा टेबलं मांडली तर तालुक्याच्या एसी हॉलपेक्षा त्यांचा उपयोग गावातल्या मुलींना जास्त होतो. अट एकच, किल्ली कुणाकडे असते ते ठरलेलं हवं. उद्‌घाटनाची कोनशिला चकचकीत आणि कडीला गंजलेलं कुलूप, असल्या खोल्याही कमी नाहीत.

आषाढी वारीत एक-दोन दिवस हा सगळा दिनक्रम मोडतो. तुकोबांची पालखी बारामतीला मुक्काम करते, काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. रस्ते बंद, मेस बंद. पाणी आणि केळी वाटायला अभ्यासिकेतलीच पोरं पुढे असतात, आणि त्या दोन दिवसांची रुखरुख कुणाला लागलेली मी पाहिलेली नाही.

या जागांवर टीका करणारे म्हणतात की खुर्ची हीच नोकरी होऊन बसते. त्यात तथ्य आहे. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. तोवर थांबायला कायद्याची आडकाठी नाही. महिन्याची फी भरली की अजून आपण शर्यतीत आहोत असं वाटतं आणि गावात लग्नाचं विचारणाऱ्यांना द्यायला उत्तरही मिळतं. अभ्यासिकेच्या मालकाने कुणाला ‘आता पुरे’ म्हणावं अशी अपेक्षा चूक आहे. पण दोन वर्षं झालेल्या मुलाशी बसून त्याच्या सराव परीक्षांचे गुण पाहणारं कुणीतरी तिथे असावं, एखादा पोस्ट मिळून गेलेला, सुट्टीला गावी आलेला माजी भिडू.

सध्या मात्र या हॉलना वेगळीच अडचण आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या धर्तीवर. गोल रंगवायचा जमाना गेला. आता तीन-तीन तास हाताने लिहायचं. कप्प्यांची टेबलं मात्र बहुपर्यायी प्रश्नांच्या काळात बनलेली, पुस्तक उघडं ठेवण्यापुरती रुंद. उत्तरपत्रिका मांडली की कोपर प्लायवूडला लागतं. दुसरीकडे तलाठ्यासारख्या सरळसेवेच्या परीक्षा संगणकावर होतात, आणि कागदावर वर्षभर सराव केलेला उमेदवार माउस धरून बसतो तो थेट केंद्रावर. म्हणून नवी अभ्यासिका काढणाऱ्याने एसीचा दुसरा टन घेण्याआधी सुताराला बोलावून चार टेबलं दुप्पट रुंद करून घ्यावीत, आणि एका कडेला जुने का होईनात, तीन-चार संगणक लावावेत. रविवारी सकाळी सगळ्यांना तिथे घड्याळ लावून बसवता येईल.