पॅरिसचा मुक्काम: आधी वस्ती, मग हॉटेल

पॅरिसला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, हॉटेल आयफेल टॉवरपासून किती लांब आहे? माझं मत असं की हा विचार शेवटी करावा. टॉवर ३३० मीटर उंच आहे. शहरात हिंडताना तो अधूनमधून दिसतच राहतो आणि जवळून पाहायला एक संध्याकाळ पुरते. ज्या गल्लीतून रोज सकाळी बाहेर पडायचं आणि रात्री पाय दुखत असताना जिथे परतायचं, ती वस्ती मात्र रोजची असते. तिची निवड आधी व्हायला हवी.

पॅरिस तसं लहान शहर. कडेची दोन मोठी वनं धरूनही क्षेत्रफळ सुमारे १०५ चौरस किलोमीटर. १८६० साली आजूबाजूची गावं शहरात घेतली गेली आणि २० प्रभाग झाले, त्यांना तिथे आरोंदिस्माँ म्हणतात. लुव्रपाशी पहिला, आणि तिथून गोगलगाईच्या शंखासारखं वेटोळं घेत विसाव्यापर्यंत. पत्त्यातल्या पिनकोडचे शेवटचे दोन आकडे प्रभाग सांगतात. ७५००४ म्हणजे चौथा, ७५०१५ म्हणजे पंधरावा. पिनकोड ७५ने सुरू होत नसेल तर हॉटेल शहराबाहेर आहे, मग त्याच्या नावात पॅरिस असो वा नसो. विमानतळाजवळ रुआसीला किंवा डिस्नेलँडच्या बाजूला मार्न-ला-व्हालेला अशी हॉटेलं पुष्कळ आहेत. खोली ऐसपैस, दर कमी. पण दुपारी जरा आडवं व्हायला खोलीवर येणं अशक्य, आणि रात्रीचे दिवे पाहत रेंगाळायचं तर परतीच्या गाडीची धास्ती. आपापलं जाणाऱ्यांनी ही बचत करू नये.

आता वस्त्यांकडे. चौथ्या प्रभागातला मारे भाग मला सर्वांत देखणा वाटतो. एकोणिसाव्या शतकात ओस्मान या सरकारी अधिकाऱ्याने जुनं पॅरिस पाडून रुंद रस्ते काढले, त्यातून हा बराचसा वाचला. १६१२ साली समारंभपूर्वक खुला झालेला प्लास दे व्होज हा चौक इथलाच. रू दे रोझिए ही जुनी ज्यू वस्तीची गल्ली. फलाफल म्हणजे हरभऱ्याची तळलेली भजी, ती पावात भरून देणारी दुकानं तिथे ओळीने आहेत. शाकाहारी माणसाची चांगली सोय होते, मात्र शनिवारी सब्बाथमुळे त्यांतली काही बंद असतात. इमारती जुन्या, म्हणून जिने अरुंद आणि दर चढे.

पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी कुटुंबाला मी पाचवा प्रभाग सुचवते. लॅटिन क्वार्टर म्हणतात तो हाच. शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर बी ही लोकल न बदलता सँ-मिशेल आणि ल्युक्संबूर स्थानकांवर आणून सोडते. सामान घेऊन मेट्रोचे जिने चढण्यातून सुटका होते, आणि पॅरिसच्या मेट्रोत हे महत्त्वाचं आहे, कारण १९०० साली सुरू झालेल्या या जाळ्यात बहुतेक स्थानकांना लिफ्ट नाही. सँ-मिशेलच्या अगदी लगतच्या गल्ल्या रात्री उशिरापर्यंत गजबजलेल्या असतात. तिथून थोडं वर, पँथिऑन किंवा रू मुफतारच्या बाजूला खोली घ्यावी. मुफतारच्या उतारावर फळं, चीज, ताजा पाव, सगळं मिळतं. हॉटेलचा महागडा नाश्ता सोडून कोपऱ्यावरच्या बेकरीत जावं.

पुढे स्वित्झर्लंड असेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बेतांत ते असतंच, तर बाराव्या प्रभागाचा विचार करा. जिनिव्हा आणि झुरिकच्या थेट गाड्या गार द लियाँ स्थानकातून सुटतात. इथे मेट्रोची १४ नंबरची लाइनही आहे. १९९८ साली सुरू झालेल्या या लाइनच्या सर्व स्थानकांवर लिफ्ट आहेत. जवळच आलिग्र बाजार भरतो, सोमवारी सुट्टी. हा भाग पर्यटकांच्या यादीत मागे असतो, म्हणून परवडतो.

आयफेलच जवळ हवा असेल तर महागड्या सातव्याऐवजी पंधरावा बरा. साधी, घरगुती वस्ती आहे.

गार द्यु नॉर स्थानकाभोवती हॉटेलं स्वस्त मिळतात. त्याच्या उत्तरेला ला शापेलला श्रीलंकेतल्या तमिळांची दुकानं आहेत, डोसा आहे, १९८५ साली स्थापन झालेलं गणपतीचं मंदिरही आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस तिथून रथ निघतो, रस्त्यावर नारळ फुटतात. दर्शनाला आणि जेवायला जरूर जा. मुक्कामाला, विशेषतः म्हाताऱ्या माणसांसह, मी पाठवणार नाही. स्थानकाच्या परिसरात पाकीटमारांचा त्रास आहे आणि रात्री उशिरा तिथे निवांत वाटत नाही.

वस्ती ठरली की खोली. फ्रान्समध्ये हॉटेलचे तारे सरकारी नियमांनी मिळतात. तीन ताऱ्यांच्या दुहेरी खोलीला बाथरूम धरून साडेतेरा चौरस मीटर पुरतात, म्हणजे जेमतेम १४५ चौरस फूट. दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा उरत नाही. तिघांनी दोघांच्या खोलीत सामावून घेण्याची आपली सवय तिथे चालत नाही, माणसं खरी तेवढी आधीच कळवावीत. जुलै-ऑगस्टमध्ये एसी आहे का हे नक्की पाहा. २०१९च्या जुलैत पॅरिसचा पारा ४२.६ अंशांवर गेला होता. चहाची किटली प्रत्येक खोलीत नसते. दर माणशी दर रात्री शहराचा कर वेगळा लागतो, अठरा वर्षांखालच्यांना माफ.

शेंगेन व्हिसाच्या अर्जात संपूर्ण मुक्कामाचं बुकिंग दाखवावं लागतं, तेव्हा विनाशुल्क रद्द करता येणारंच घ्या. विमानतळावरून टॅक्सीचे दर ठरलेले आहेत. २०२५ मध्ये सीन नदीच्या उजव्या काठाला ५६ युरो, डाव्या काठाला ६५. त्या वर्षी रेल्वेचं तिकीट माणशी १३ युरो होतं, म्हणजे चौघांना टॅक्सी फारशी महाग पडत नाही.

आणि आई-वडील बरोबर असतील तर बुकिंगआधी हॉटेलला ईमेल करून एवढं विचाराच की लिफ्ट तळमजल्यापासून आहे की पहिल्या मजल्यापासून. जुन्या इमारतींत ती कधीकधी अर्धा जिना चढल्यावर सुरू होते.