नवा समुद्री मासा अन्नाला तोंड लावेना, तेव्हा...

कर्जत (प्रतिनिधी) - रायगड जिल्ह्याला अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनचा विस्तीर्ण किनारा लाभला असला, तरी कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, समुद्रापासून दूर वसले आहेत. येथे घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवायचे, तर पाणी मीठ मिसळून तयार करावे लागते आणि मासे कुर्ल्यासारख्या मुंबईच्या बाजारातून आणावे लागतात. लोहमार्गाने मुंबई ते कर्जत हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. खोपोली त्याहूनही पुढे. एवढा प्रवास करून आलेला महागाचा मासा दोन-तीन दिवस काहीच खात नाही, तेव्हा घरातल्यांचा जीव कासावीस होतो. मग काळजीपोटी टाकीत आणखी अन्न टाकले जाते. अनेकदा हीच घाई माशाच्या जिवावर बेतते.

भूक का मंदावते?

समुद्री मत्स्यालयातील बहुसंख्य जातींचे मासे प्रवाळ खडकांवरून पकडून आणलेले असतात. पकडणारा, निर्यातदार, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता अशी त्यांची साखळी असते. पिशवीतील पाणी घाण होऊ नये म्हणून प्रवासापूर्वी त्यांना मुद्दाम उपाशी ठेवले जाते. घरी पोचेपर्यंत मासा थकलेला आणि भेदरलेला असतो. शिवाय दाणेदार खाद्य त्याने कधी पाहिलेले नसल्यास ते खाण्याचे असते, हेच त्याला ठाऊक नसते.

समुद्री माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक-तृतीयांश असते. त्यामुळे त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेर जात राहते. ही तूट भरून काढण्यासाठी तो खारे पाणी पितो व जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. या कामासाठी शक्ती खर्च होते. म्हणूनच आधीच खंगलेल्या माशाला लांबलेला उपवास परवडत नाही.

आधी पाणी, मग अन्न

मासा खात नसेल, तर प्रथम अन्न नव्हे, पाणी तपासावे. क्षारता लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस आणि अमोनिया व नायट्राइट शून्य असावे. नव्या टाकीत घाण पचविणारे उपयुक्त जिवाणू वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी आणलेला मासा स्वतःच्याच उत्सर्जनाने गुदमरतो. पावसाळ्यात खाडीचे वा किनाऱ्यालगतचे पाणी आणून वापरणे टाळावे. त्यात गोडे पाणी आणि गाळ मिसळलेला असतो.

लांबच्या प्रवासाने आलेल्या पिशवीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पाण्याची आम्लता वाढते आणि त्यामुळे साचलेल्या अमोनियाचे विष सौम्य राहते. पिशवी उघडताच वायू निघून जातो व तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून तापमान जुळेपर्यंत पिशवी बंदच तरंगत ठेवावी. टाकीच्या पाण्याची क्षारता विक्रेत्याला विचारून आधीच जुळवून घ्यावी. पिशवी उघडल्यावर तासन् तास रेंगाळू नये आणि तिच्यातील पाणी टाकीत ओतू नये.

पहिले काही दिवस

पहिल्या दिवशी दिवे बंद ठेवावेत. दगडांच्या कपारीत लपायला जागा असावी. लपता येते हे कळल्यावरच मासा बाहेर येऊ लागतो. जुने मासे नव्याला हुसकावत असतील, तर मध्ये जाळीची आडभिंत घालावी. दुसऱ्या दिवसापासून चिमूटभर अन्न दिवसातून दोन-तीनदा द्यावे आणि अर्ध्या तासात न खाल्लेले काढून टाकावे.

हलणारे भक्ष्य माशाची भूक चाळवते. आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात, हवेचा पंप लावून, साधारणतः २४ ते ३६ तासांत फुटतात. त्यातून निघणारी पिल्ले लहान माशांना चालतात. मोठ्या माशांना गोठविलेले मायसिस किंवा बारीक चिरलेली ताजी कोळंबी द्यावी. बटरफ्लाय फिशला उघडलेली ताजी तिसरी शिंपल्यासकट ठेवून पाहावी. खडकावरून टोचून खाण्याची त्याची सवय असते. सर्जन फिश वनस्पतीभक्षी असल्याने त्याला बिनमिठाचे सुके समुद्री शेवाळ चिमट्याने काचेला लावून द्यावे. मासा नियमित खाऊ लागला, की त्याच अन्नात थोडे थोडे दाणेदार खाद्य मिसळावे.

तंदुरुस्त क्लाउनफिशने दोन-तीन दिवस न खाणे फारसे चिंताजनक नाही. मात्र पोट आत गेले, डोक्यामागचा भाग खोल दिसू लागला, श्वास जलद झाला किंवा विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी पडू लागली, तर रोगाची शंका घ्यावी व जाणकाराचा सल्ला घ्यावा. वीज गेली तर पाण्यातील प्राणवायू घटतो आणि माशाची भूक मरते. पावसाळ्यात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असलेला बरा.

भुकेची परीक्षा दुकानातच

कर्जत-खालापूरहून मासा परत करायला पुन्हा मुंबई गाठणे सोपे नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वीच विक्रेत्याला आपल्यासमोर माशाला खाऊ घालायला सांगावे. नुकताच आलेला मासा आठवडाभर दुकानातच राहू द्यावा. मँडरिन फिश दिवसभर सूक्ष्म जीव टिपत जगतो. नव्या टाकीत तो बहुधा उपासमारीने मरतो. समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना तर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

नवशिक्यांसाठी टाकीत जन्मलेला क्लाउनफिश सर्वांत बरा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. असा मासा पिल्लू असल्यापासून तयार खाद्यावर वाढतो, त्यामुळे नव्या घरीही तो लवकर खाऊ लागतो. त्याच्यासाठी प्रवाळ खडकावरचा एक मासाही उचलावा लागत नाही.