खालच्या कवळीचं दुखणं

वरची कवळी सहसा कुणाला रडवत नाही. ती टाळूभर पसरलेली असते, लाळेचा पातळ थर तिला धरून ठेवतो. तक्रारी येतात त्या खालच्या कवळीच्या. जिभेसाठी मधे जागा सोडावी लागते, म्हणून तिचा आकार घोड्याच्या नालेसारखा. वरच्या कवळीला टेकायला साधारण २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालच्या कवळीला जेमतेम १२. त्यात दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं. संशोधक टालग्रेन यांनी १९७२ साली मांडलेल्या २५ वर्षांच्या पाहणीत खालची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट दिसली.

तेव्हा खालच्या कवळीची सगळी मदार आखणीवर. दात थोडे आत बसवले की जिभेची अडचण होते आणि बोलताना जीभच कवळी उचलते. बाहेर बसवले तर गाल ढकलतो. दोन्हींचा जोर जिथे सारखा, तिथेच दातांची रांग हवी. उंचीचंही तसंच. तोंड सैल सोडल्यावर वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर फट राहायला हवी. उंची जास्त झाली तर बोलताना दात खटखटतात, हिरड्या ठणकतात. कमी झाली तर हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांचे कोपरे ओले राहून चिरतात.

मुळात कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच. ती हलत असेल तर भाकरी दुधात कुस्करून खावी लागते, पेरूची बी खाली अडकली की जीव नकोसा होतो. मग माणूस पंगत टाळतो, हसताना तोंडावर हात धरतो. संशोधक स्लेड आणि स्पेन्सर यांनी १९९४ साली तोंडाच्या आरोग्यावर केलेल्या ४९ प्रश्नांच्या प्रश्नावलीत दुखण्यासोबत संकोच आणि चारचौघांतलं वावरणंही विचारलं आहे. ते योग्यच. दंतवैद्याच्या मोजमापात उत्तम ठरलेली कवळी वापरणाऱ्याला सुखाची वाटेलच असं नाही.

२००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवावी, हीच पहिली पसंती असावी, असं म्हटलं. आपल्याकडे तो खर्च अनेकांना झेपत नाही. साधीच कवळी करायची असेल तर मेणात दात लावून दाखवतात त्या दिवशी घाई करू नका. घरचं माणूस सोबत न्या, आरशात बघा, मोठ्याने बोला, आकडे मोजा. काही खटकलं तर तिथेच सांगा. मेणातला दात सहज हलवता येतो, अ‍ॅक्रिलिकमधला नाही.