खुर्चीशी नाते नसलेला शब्द

१९८९ साली सेलू तालुक्यातल्या एका बँकशाखेत मी नवा शाखाधिकारी होतो. तपासणीस साहेब आले, तीन दिवस खातेवह्या चाळल्या आणि जाताना अहवालात लिहून गेले की, शाखाधिकारी कर्ज देताना ‘चेअरी’ आहेत. शब्द मला नवा होता. आमचे रोखपाल म्हणाले, “साहेब, खुर्चीशी काहीतरी असंल. खुर्ची सोडत नाहीत, असं.” मलाही ते पटले!

रात्री शब्दकोश काढला. अर्थ दोन निघाले. एक, जपून पाऊल टाकणारा. दुसरा, हात आखडता घेणारा. म्हणजे ही शाबासकी की ठपका? मी आपली शाबासकी धरली.

सावधपणाला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. ‘सावधान’ म्हणजे अवधानासह. तो शब्द कानी पडताच जांबचे नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा आहे. ‘खबरदार’ आणि ‘हुशार’ फारसीतून आले. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात, कारभार उर्दूत. त्यामुळे हे शब्द आमच्या जुन्या मंडळींच्या तोंडी अधिकच मुरलेले. पण हे सगळे डोळे-कान उघडे ठेवायला सांगणारे शब्द.

‘चेअरी’चे मूळ निराळे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता दुःखी, चिंतेने भरलेला. ‘केअर’ त्याच कुळातला आणि त्याचाही जुना अर्थ दुःखच. जर्मन भाषेतला ‘कार्ग’ हा चुलतभाऊ. तो तुटपुंजेपणाकडे वळला. ‘चेअरी’ सोळाव्या शतकाच्या सुमारास सावधपणाकडे आला. आपल्याला हे नवल वाटू नये. आई काळजी करते आणि काळजी घेतेही. शब्द एकच, क्रियापद तेवढे बदलते.

हे सारे मला निवृत्तीनंतर, कादंबरी लिहिताना सापडले आणि दुधनाकाठचा एक शेतकरी आठवला. तो त्याच वर्षी विहिरीवरच्या मोटारीसाठी कर्ज मागायला आला होता. सातबारा, बेबाकी, जामीनदार, सगळे ठीक होते. फक्त थोरल्या भावाची थकबाकी होती. भाऊ विभक्त, त्याचा याच्याशी संबंध नाही. तरी मी म्हणालो, “पुढच्या हंगामात बघू.” त्याने हात जोडले आणि गेला. दोन वर्षांनी तलाठ्याकडून कळले, सावकाराच्या देण्यात त्याची जमीन गेली. माझ्या शाखेत त्या साली एकही कर्ज बुडाले नव्हते. चिंता मला होती, पण ती माझ्या अहवालाची.

गेल्या वर्षी सेलूच्या स्टेशनावर एक माणूस पुढे आला. “साहेब, ओळखलं का?” चेहरा हुबेहूब वडिलांचा. ते वारले होते. हा पुण्याला कारखान्यात. आम्ही चहा घेतला. पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.