पाहुण्यांचा रस्ता

नवी दिल्लीतल्या लालतोंड्या माकडांनी मंत्रालयांचा मुलाहिजा कधी ठेवलेला नाही, तिथे परदेशी पाहुण्यांचा कुठून ठेवणार? म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये, जी-20 राष्ट्रप्रमुखांची परिषद तोंडावर आली असताना, नवी दिल्ली नगर परिषदेने ठिकठिकाणी काळतोंड्या वानरांची मोठी कटआउट उभी केली. वानर दिसलं की लालतोंडी माकडं पळतात. पूर्वी या कामासाठी खरीखुरी वानरं दोरीला बांधून फिरवत. वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं. कटआउट काही ओरडत नाहीत, तेव्हा वानराचा हुबेहूब आवाज काढणारी तीस-चाळीस माणसंही कामाला लावली. हसू येईल, पण साऱ्या तयारीत कुणाचंही नुकसान न करणारं काम बहुधा हेच असावं.

परिषद होती 9 आणि 10 सप्टेंबरला, प्रगती मैदानातल्या भारत मंडपममध्ये. सुमारे 2,700 कोटी रुपयांच्या या संकुलाचं उद्घाटन जेमतेम दीड महिना आधी, 26 जुलैला झालं होतं. दारातली 27 फुटी अष्टधातूची नटराजमूर्ती तमिळनाडूतल्या स्वामिमलैच्या स्थपतींनी घडवली. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, अशी ही जुनी रीत. सुमारे 18 टनांची ती मूर्ती मग रस्त्याने दिल्लीला आली.

याच मैदानात राज रेवाल यांनी रचलेलं, 1972 च्या आशियाई व्यापार मेळ्यासाठी बांधलेलं ‘हॉल ऑफ नेशन्स’ होतं. देशातल्या नामवंत वास्तुरचनाकारांचा विरोध असतानाही एप्रिल 2017 मध्ये रातोरात ते पाडलं. नव्या संकुलाला जागा हवी होती.

अशा वेळी शहर सजलं असं आपण म्हणतो. खरं तर सजतो तो ताफ्याचा रस्ता. विमानतळ, सरदार पटेल मार्गावरची हॉटेलं, प्रगती मैदान, राजघाट. कारंजी, कुंड्या, रंगवलेल्या भिंती आणि गुळगुळीत डांबर याच वाटेवर. थोडं बाजूला वळलं की वसंत विहारजवळचा कुली कॅम्प हिरव्या कापडाआड गेलेला. प्रगती मैदानाजवळच्या जनता कॅम्पमधल्या झोपड्या तर उन्हाळ्यातच पाडल्या होत्या. ते बेकायदा बांधकाम होतं, जी-20 साठी एकही घर पाडलेलं नाही, असं सरकारचं म्हणणं. ज्यांची घरं गेली त्यांना ते पटलं नाही.

दिल्लीला नावं ठेवण्याआधी आपल्याकडे पाहावं. डिसेंबर 2022 मध्ये जी-20 चीच बैठक मुंबईत होती, तेव्हा पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या वस्त्यांपुढेही पडदे लागले होते. पुण्यात जानेवारीतल्या बैठकीआधी पाहुण्यांच्या वाटेवरचे रस्ते आणि भिंती अचानक उजळल्या, आणि इतर रस्त्यांवरचे खड्डे मोजणारे पुणेकर यावर काय बोलले असतील ते सांगायला नको.

परिषदेच्या वेळी नवी दिल्ली जिल्हा जवळजवळ मिटून ठेवला होता. 8 ते 10 सप्टेंबर शाळा, बँका, कार्यालयं बंद. खान मार्केट आणि कॅनॉट प्लेस बंद. घरपोच जेवणाला मनाई, औषधांना मुभा. पगारदारांना सलग सुटी मिळाली. हातगाडीवाल्याचे आणि रिक्षावाल्याचे ते दिवस कोरडे गेले.

निसर्गाला मात्र कुणी पास दिलेला नव्हता. 13 जुलैला यमुनेने 208.66 मीटरची पातळी गाठून 1978 चा उच्चांक मोडला होता. पाणी राजघाटापर्यंत शिरलं होतं. ती सगळी जागा दोन महिन्यांच्या आत राष्ट्रप्रमुखांना नेण्याजोगी करायची होती, आणि ती झाली. 10 सप्टेंबरच्या सकाळी पावसाने ओल्या झालेल्या फरशीवरून नेते गांधीजींच्या समाधीपाशी गेले. त्याच पावसाचं पाणी नव्याकोऱ्या भारत मंडपमच्या आवारातही साचलं. ते पंप लावून लगेच उपसलं, असा सरकारचा खुलासा आला.

मांडव उतरल्यावर काय उरतं, याचं उत्तर दिल्लीतच सापडतं. विज्ञान भवन 1956 च्या युनेस्को परिषदेच्या निमित्ताने उभं राहिलं. 1983 मध्ये राष्ट्रकुल प्रमुख तिथे जमले, आणि मधल्या सुटीत गोव्याला आग्वादला जाऊन आले. तिथे त्यांच्यासाठी बांधलेल्या बंगल्यांत पुढे पैसे मोजून पर्यटक राहू लागले. फेब्रुवारी 2025 मध्ये 98 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं, ते याच विज्ञान भवनात.