पलटणीचा देव कोणता?

दिवाळीत पौड-मुळशीकडे एखाद्या घरी जावे आणि त्या घरचा मुलगा फौजेत असावा, तर फराळाची बशी पुढे ठेवताना आईच्या तोंडून हटकून प्रश्न यायचा, "तिकडं बर्फात त्यांची लक्ष्मीपूजा कोण सांगत असेल हो?"

त्या माउलीने निश्चिंत असावे. पलटणीत पूजा सांगायला पंडितजी असतात आणि त्यांचा हुद्दा नायब सुभेदाराचा असतो! शीख जवानांसाठी ग्रंथी, मुसलमानांसाठी मौलवी, ख्रिश्चनांसाठी पाद्री आणि लडाखकडच्या जवानांसाठी बौद्ध भिक्षू. गंमत अशी, की या धर्मगुरूंना एकत्र शिक्षण मिळते ते मुळशीहून जवळच, पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत.

नुसती पोथी वाचून त्यांचे काम भागत नाही. इस्पितळात आजाऱ्याच्या खाटेशी बसायचे, शिक्षा भोगणाऱ्या जवानाला धीर द्यायचा, मुलांना धर्माचे पाठ द्यायचे आणि वेळ आलीच तर अंत्यसंस्कारही करायचे. कित्येक छावण्यांत 'सर्वधर्मस्थळ' असते. तिथे मूर्ती, ग्रंथसाहेब, कुराण आणि क्रूस एकाच छताखाली नांदतात.

आणि अधिकाऱ्याचा देव कोणता? रिवाज असा, की जो जवानांचा, तोच त्याचा.

परंतु हा रिवाज एकदा न्यायालयात गेला. २०१७ साली फौजेत आलेला एक ख्रिश्चन लेफ्टनंट रणगाडा दलातील शीख तुकडीवर होता. मंदिरात, गुरुद्वारात तो जवानांबरोबर जाई. गाभाऱ्यात शिरायला मात्र त्याचे मन घेईना. आपल्या पलटणीत सर्वधर्मस्थळ नाही, हेही त्याचे गाऱ्हाणे होते. आत जाण्याने धर्माला बाध येत नाही, असे पाद्र्याने समजावले, तरी व्यर्थ. २०२१ साली त्याची नोकरी गेली. २०२५ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिस्तीच्या बाजूने कौल दिला.

शिस्तीचे म्हणणे खोटे नाही. ज्याच्या शब्दावर जीव द्यायचा, तो साहेब आपल्या देवाच्या दारात परका वाटू नये, असे जवानाला वाटणारच. पण हेही खरे, की दुसऱ्याच्या देवापुढे आपखुशीने जोडलेल्या हातांची गोडी हुकमाने जोडलेल्या हातांना येत नाही.

म्हणून त्या माउलीला एवढेच सांगावे : लक्ष्मीपूजनाला तुमच्या मुलाशेजारी कदाचित परधर्माचा साहेब मांडी घालून बसला असेल. डबा पाठवाल, तेव्हा त्याच्याही वाटच्या दोन करंज्या घालायला विसरू नका.