कामकरी मुलांच्या वयाचे दाखले : एक दुर्लक्षित साधन

सनदा, महजर व बखरी यांच्या मानानें गिरणींतील बिल्ले व डॉक्टरी दाखले फार अर्वाचीन. म्हणून संग्राहकांचें लक्ष त्यांजकडे सहसा जात नाहीं. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभीं कामकरी मुलांच्या आरोग्याचें रक्षण कसें झालें व कोठें अडलें, हें जाणण्यास हे कागद अस्सल साधन होत.

इ. स. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस मनाई केली व सात ते बारा वर्षांच्या मुलांस रोज नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ सालीं वय नऊ ते चौदा व तास सात झाले. मर्यादा वयावर बसविली खरी. पण वय ठरवावें कशावरून? जन्माची नोंद बहुधा नसे. दांत व अंगलट पाहून डॉक्टर अदमास करी. १९०८ च्या कमिशनास ठिकठिकाणीं कायद्याचें उल्लंघन आढळलें. मग १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांत मुलांचे तास सहा केले, वयाबरोबर प्रकृतीच्या योग्यतेचाही दाखला आवश्यक ठरविला, आणि त्याची खूण म्हणून कामावर बिल्ला जवळ ठेवणें भाग पाडलें.

उरलेल्या वेळांत मुलानें शिकावें, ही सोय मात्र राहून गेली. वीसांहून अधिक मुलें असलेल्या कारखान्यानें त्यांच्यासाठीं शाळा चालवावी, अशी उपसूचना गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ त मांडली. ती नामंजूर झाली. मोकळा वेळ दुसऱ्या गिरणींत जाऊं लागला, म्हणून एकाच दिवशीं दोन ठिकाणीं मूल राबविणाऱ्या पालकास १९२६ त दंडपात्र करावें लागलें.

औरंगाबादेचा (आतांचें छत्रपती संभाजीनगर) विचार करतांना विशेष सावधगिरी हवी. येथें १८८९ त सूतकापडाची गिरणी निघाली आणि १९०० त गोदावरी खोऱ्यांतील रेल्वे सुरू झाल्यावर सरकी काढण्याचे कारखाने वाढले. परंतु हा मुलूख निजामच्या राज्यांत असल्यामुळें ब्रिटिश हद्दींतील कायदा येथें आपोआप लागू नव्हता. मुंबईच्या नमुन्याचे दाखले येथें न सांपडल्यास मुलें कामावर नव्हतीं, असें अनुमान काढणें युक्त नव्हे. शोध उर्दू दप्तरांत, फसली सनांच्या कागदांत घेतला पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी कीं, दाखल्यावरील वय हा डॉक्टराचा निर्णय होय. तो जन्माचा पुरावा नव्हे. त्याच मुलाचें नांव शाळेच्या दाखल-खारीज बुकांत मिळाल्यास दोन्ही वयें ताडून पाहावीं. त्यांतील अंतर ही चूक म्हणून सोडून देऊं नये. कायदा घराच्या दारापर्यंत किती पोंचला, याचें तें माप आहे.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या २४ व्या कलमानें चौदा वर्षांखालील मुलांस कारखान्यांत मनाई झाली; मुंबई व औरंगाबाद यांमधील कायद्याची ही सीमा तेव्हां पुसली गेली. तत्पूर्वींच्या मुलांनीं स्वतः लिहून ठेवलेलें फारच थोडें. एखाद्या जुन्या पेटींत असा दाखला वा बिल्ला निघाल्यास रद्दींत टाकूं नये, हीच संग्राहकांस विनंती.